नाथसागरावरच्या होडीला कोणतं फिशफाइंडर आणि जीपीएस घ्यावं?

गंगापूर तालुक्यातल्या एका तरुण मच्छीमाराने विचारलं आहे: "दादा, सोसायटीतल्या आम्ही चौघांनी मिळून १८ फुटी फायबरची होडी घेतली. मागे छोटं आउटबोर्ड इंजिन आहे. जायकवाडीच्या नाथसागरात जाळी लावतो, अधूनमधून गळही टाकतो. रत्नागिरीचा मित्र म्हणतो, एक किलोवॅटचं मशीन घे, खालचं सगळं दिसतं. दुकानदार म्हणतो, नऊ इंची साइड स्कॅन घ्या. पैसे चौघांचे आहेत, वाया जायला नकोत. काय घेऊ?"

आधी उत्तर सांगून टाकतो, मग कारणं. पाच इंची पडदा, चर्प सोनार (एकाच फ्रिक्वेन्सीऐवजी बदलत्या फ्रिक्वेन्सीचा आवाज पाण्यात सोडून प्रतिध्वनीवरून खालचं दाखवणारं), सोबत डाउन स्कॅन (होडीखालचं फोटोसारखं रेखीव चित्र), आतच जीपीएस आणि स्वतःचा खोलीचा नकाशा तयार करण्याची सोय, एवढं ज्या मशीनमध्ये आहे ते घ्या. एक किलोवॅट नको, नऊ इंची साइड स्कॅन (होडीच्या दोन्ही बाजूंचा तळ दाखवणारं) नको. वाचलेल्या पैशातून चांगली बॅटरी, ट्रान्सड्यूसरसाठी (पाण्यात बुडवायचा, आवाज सोडणारा आणि परतलेला पकडणारा भाग) उचलता येणारा दांडा आणि चौघांना चार लाइफ जॅकेट घ्या. मशीनवर १०० रुपये घालणार असाल, तर या बाकीच्या गोष्टींसाठी ४० रुपये वेगळे काढूनच दुकानात जा.

तुमच्या मित्राचं चुकलेलं नाही. तो समुद्राचं सांगतोय. मी काही वर्षं कोकणात बोटींवर हीच मशीन्स बसवायचो, म्हणून दोन्हीकडचा फरक सांगू शकतो. खाऱ्या पाण्यात वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज लवकर विरतो, कारण पाण्यातले क्षार, त्यातही मॅग्नेशियम सल्फेट, तो शोषून घेतात. २०० किलोहर्ट्झला हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय तिकडे खोली जास्त, लाटा मोठ्या आणि बोटीचं डिझेल इंजिन सतत धडधडत असतं. तिथे ५० किलोहर्ट्झ आणि मोठी ताकद लागते. आपलं पाणी गोडं. त्याच ताकदीचा आवाज इथे जास्त लांब जातो.

आणि आपल्याकडे लांब जायचंय कुठे? नाथसागर पूर्ण भरतो तेव्हा साठा २९०९ दशलक्ष घनमीटर आणि पसारा ३५० चौरस किलोमीटरच्या आसपास. भागाकार करून बघा, सरासरी खोली आठ मीटरच्या थोडी वर येते. हे तुडुंब भरलेल्या धरणाचं झालं. मार्च-एप्रिलात तुम्ही जिथे जाळी लावता तिथे तीन-चार मीटर पाणी मिळालं तरी खूप. सगळ्यात खोल पाणी भिंतीजवळ आणि गोदावरीच्या जुन्या पात्रात असतं, आणि भिंतच पायापासून धरून साधारण ४१ मीटर उंचीची आहे. बाजारातलं सगळ्यात छोटं चर्प मशीनसुद्धा एवढं पाणी सहज वाचतं. येलदरी किंवा इसापूरला होडी चालवणाऱ्यांनीही आपल्या धरणाचा हाच भागाकार करावा, मग वॅटचा विचार करावा.

वॅटच्या आकड्यातही एक मेख आहे. काही खोक्यांवर ४००० वॉट छापलेलं असतं, काहींवर ५००. पहिला आकडा पीक टू पीक असतो, म्हणजे लाटेच्या टोकापासून टोकापर्यंत मोजलेला, दुसरा आरएमएस, म्हणजे सरासरी ताकदीचा. पीक टू पीकला आठने भागलं की आरएमएस मिळतं, म्हणजे ही दोन मशीन्स एकाच ताकदीची निघतात. दुकानात तुलना करताना नेहमी आरएमएस विचारा. तुम्हाला ३०० ते ५०० पुष्कळ झाले.

आता मशीनला काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते नीट समजून घ्या, कारण निराशा इथेच होते. ट्रान्सड्यूसरमधून आवाज बॅटरीच्या झोतासारखा खाली पसरत जातो. २० अंशांचा झोत असेल, तर १० मीटर पाण्यात तळाशी त्याचा घेर साडेतीन मीटर रुंद होतो. दोन मीटर पाण्यात तोच घेर सत्तर सेंटिमीटर. म्हणजे उथळ पाण्यात तुम्ही जेमतेम एका घमेल्याएवढी जागा बघत असता, आणि तिथले मासे होडीची चाहूल लागताच बाजूला झालेले असतात. कायगाव टोक्याकडे, प्रवरा गोदावरीला मिळते त्या बाजूच्या उथळ पाण्यात मशीन रिकामं दिसलं म्हणून मासे नाहीत असं धरू नका. काठालगतची चिलापी, गवतातला मरळ आणि गाळात घुसलेली वाम या मशीनवर शोधायच्याच नाहीत. रोहू-कटल्याचा थवा सात-आठ मीटर पाण्यात मध्ये तरंगत असेल तर मात्र छान दिसतो, कारण त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज जोरात परततो.

मशीन आणलं की पहिल्याच दिवशी माशाचं चित्र दाखवणारी सेटिंग बंद करा. पाण्यातून परत आलेल्या कशावरही ते मशीन माशाचं चित्र चिकटवतं: पाण्यात बुडालेली बाभळीची फांदी, दुसऱ्याचं जाळं, बुडबुडे. आपल्या धरणात बुडबुड्यांचा त्रास जास्त. तळाशी गाळ आहे, त्यात झाडपाला कुजतो, वायू सुटतो आणि बुडबुड्यांच्या माळा वर येतात. होडी थांबलेली असताना तळातून निघून सरळ वर चढत जाणारी तिरपी रेघ दिसली, की तो बुडबुडा. मासा असा एका चालीने तळापासून पृष्ठभागापर्यंत येत नाही. होडी चालू असताना मासा झोत ओलांडतो तेव्हा कमान उमटते. होडी आणि मासा दोन्ही जागेवर असले तर नुसती आडवी रेघ येते. लांब रेघ म्हणजे मोठा मासा, असं अजिबात नाही. तो झोतात जास्त वेळ राहिला, एवढाच त्याचा अर्थ.

मी मात्र तुम्हाला हे मशीन माशांसाठी कमी आणि तळासाठी जास्त घ्यायला सांगतोय. जाळं लावणाऱ्याला मासा या क्षणी कुठे आहे त्याचा उपयोग थोडा. रात्रभर तो कुठून ये-जा करणार, ते कळलं पाहिजे. ते तळ सांगतो. पाण्याखाली गेलेल्या एखाद्या ओढ्याला आडवी होडी घाला, अगदी सावकाश. पडद्यावर खोली १८ फूट, १८, १९ अशी चाललेली असते. मग एकदम २४, २७ आणि पुन्हा १८. दोन्ही कडांवर तळाची रेघ बारीक आणि झगझगीत दिसते आणि तिच्या खाली दुप्पट खोलीवर तिची फिकट सावलीही उमटते, म्हणजे तिथे मुरूम किंवा खडक. मध्ये ओढ्याच्या पोटात रेघ जाड आणि मऊ होते आणि सावली नाहीशी होते, तो गाळ. ही कड म्हणजे माशांची वाट. जाळं कडेला धरून लावायचं की आडवं, हे तुमचा अनुभव सांगेल, पण कड नेमकी कुठे वळते हे वरून डोळ्यांनी कधीच कळत नाही. एक ध्यानात ठेवा: उताराच्या पायथ्याला लागून असलेले मासे मशीनला दिसत नाहीत. झोताची एक बाजू आधी उंच कडेला लागते आणि मशीन तिलाच तळ समजतं.

म्हणूनच स्वतःचा नकाशा करण्याची सोय मी सक्तीची धरतो. समुद्रासाठी चार्ट विकत मिळतात, नाथसागराच्या तळाचा तसा तयार चार्ट मशीनमध्ये येत नाही. जिथे नकाशा दिसतो तिथेही सगळं धरण एक निळा ठिपका असतो. तो आपणच भरायचा. गार्मिनमध्ये या सोयीला क्विकड्रॉ म्हणतात, लॉरन्समध्ये जेनेसिस लाइव्ह, हमिनबर्डमध्ये ऑटोचार्ट लाइव्ह. होडी फिरते तशा खोलीच्या रेषा पडद्यावर आपोआप उमटत जातात. जाळ्याकडे जाता-येता रोज थोडी वेगळी वाट धरली, तर एका हंगामात तुमच्या भागाचा असा नकाशा होतो जो दुकानात मिळणारच नाही.

धरणाच्या नकाशात एक गुंता आहे, समुद्रावरच्या माणसाच्या तो डोक्यात येत नाही. समुद्राला भरती-ओहोटी असते, पण पाणी फिरून तिथेच येतं. आपलं पाणी पावसाळ्यात चढतं आणि पुढे आठ महिने उतरत राहतं. ऑक्टोबरात काढलेल्या नकाशावर ३० फूट लिहिलेलं असेल आणि मे महिन्यात तिथे कुणी गाळपेर केलेली असेल. म्हणून खोली नुसती खोली म्हणून लिहू नका. जलसंपदा खातं धरणाची पाणीपातळी रोज फुटांत जाहीर करतं, पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. मशीन फुटांवर लावा आणि त्या दिवशीची पातळी वहीत टिपा. आज पातळी १५१२ आहे आणि मशीन २६ दाखवतंय, तर तिथला तळ १४८६ फुटांवर आहे. हा आकडा कायमचा, गाळ साचेल तेवढाच बदलेल. पुढे कधीही त्या दिवशीच्या पातळीतून १४८६ वजा करा, खोली हातात. ट्रान्सड्यूसर पाण्यात फूटभर खाली असेल तर तेवढा फूट सेटिंगमध्ये मिळवून ठेवा, नाहीतर प्रत्येक आकडा फुटाने कमी भरेल.

याहून सोपं आणि फुकट काम उन्हाळ्यात होतं, आणि आपल्याकडे ते कुणी करताना मी फारसं बघितलेलं नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे हटतं तेव्हा उघड्या पडलेल्या पात्रात फोन घेऊन पायी फिरा. हे धरण झालं तेव्हा गावंच्या गावं पाण्याखाली गेली. त्यांच्या विहिरी, घरांची जोती, बांध, बाभळीची खोडं, जुने रस्ते सगळं अजून तिथे आहे. प्रत्येक विहिरीच्या काठावर उभं राहून फोनमध्ये खूण करा, ओढ्याची कड चालत जाऊन तिच्याही खुणा करा आणि घरी बसून त्या मशीनमध्ये भरा. पावसाळ्यानंतर त्याच खुणांवर मासे असतात, आणि इंजिनाचा पंखा किंवा जाळं अडकवणारी खोडंही तिथेच असतात. दोन्ही कारणांसाठी ती जागा ठाऊक पाहिजे. फिरताना जपून, विहिरी गाळाने अर्धवट बुजलेल्या असतात आणि वरचा पापुद्रा पक्का वाटतो.

खुणा भरताना अक्षांशाची पद्धत तपासा. फोन बहुधा दशांशात दाखवतो, मशीन अंश आणि मिनिटांत. १९.५० अंश म्हणजे १९ अंश ३० मिनिटं. कुणी ते १९ अंश ५० मिनिटं म्हणून भरलं, तर २० मिनिटांची चूक होते. अक्षांशाचं एक मिनिट १.८५ किलोमीटरचं, म्हणजे तुमची विहीर ३७ किलोमीटर उत्तरेला जाऊन पडते. मशीनच्या सेटिंगमध्ये दशांश पद्धत निवडता येते, तीच ठेवा. डेटम (अक्षांश-रेखांश कोणत्या मोजणीवर धरले आहेत ते) डब्ल्यूजीएस ८४ आहे का तेही एकदा बघून घ्या.

जीपीएसला वेगळा अँटेना लागत नाही. उघड्या होडीत आतला अँटेना तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो, फक्त तो पत्र्याच्या छताखाली ठेवू नका. मेनूत वॉस (WAAS) किंवा एसबीएएस (SBAS) असं काही असेल तर चालू करा, ती जीपीएसची चूक उपग्रहावरून दुरुस्त करण्याची सोय आहे. आपल्याकडे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभी केलेली गगन यंत्रणा त्याच पद्धतीने दुरुस्ती पाठवते, मशीन ती घेत असेल तर फायदाच आहे. आणखी एक: होडी थांबलेली असताना पडद्यावरचा बाण कुठेही वळतो. त्याला दिशा कळते ती सरकण्यातून, म्हणून थोडं पुढे गेल्यावरच त्याच्यावर विश्वास ठेवा.

पण जीपीएसचा खरा उपयोग जीव वाचवण्याचा आहे, हे मी हात जोडून सांगतो. नाथसागर काही ठिकाणी २७ किलोमीटर रुंद आहे. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वारा सुटला, की अर्ध्या तासात लाटा उठतात आणि धुळीत काठ दिसेनासा होतो. हिवाळ्यात पहाटे धुकं असतं. चप्पू आणि होड्या उलटून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. निघताना धक्क्याची खूण साठवलेली असली आणि ट्रॅक चालू असला, तर आलेल्या वाटेनेच माघारी येता येतं, वाटेत खोडं कुठे आहेत ते माहीत असतं. हे चौघांनाही यायला हवं, एकट्या मशीनवाल्याला येऊन भागत नाही. घरी अंगणात ते मशीन चालू करा आणि प्रत्येकाकडून 'धक्क्याकडे चल' ही आज्ञा देऊन घ्या. जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या खुणाही अशाच ठेवा. थर्माकोलचा तुकडा वाऱ्याने तुटून गेला तरी जाळं सापडतं.

आता बसवण्याचं काम. निम्म्या तक्रारी मशीनच्या नसतात, ट्रान्सड्यूसर कुठे आणि कसा बसवला याच्या असतात. नेहमीची जागा मागची फळी, पंख्यापासून निदान दीड फूट लांब, होडीच्या तळाच्या जराशी खाली, जिथे पाणी बुडबुड्यांशिवाय वाहतं. पण तुम्ही जाळं ओढता. मागे पक्का ठोकलेला ट्रान्सड्यूसर पहिल्याच आठवड्यात जाळ्यात अडकेल आणि जाळंही फाटेल. म्हणून बाजूच्या काठाला शिकंजा लावून त्यात एक इंची पाइप, पाइपच्या टोकाला ट्रान्सड्यूसर. जाळं काढायच्या आधी पाइप वर उचलायचा. वेल्डिंगवाला हे एका दुपारी करून देतो. पाइपवर खूण करून ठेवा, म्हणजे दर वेळी ट्रान्सड्यूसर त्याच खोलीला आणि सरळ पुढे तोंड करून बसेल. वायर कधीही कापून आखूड करू नका. उरलेली गुंडाळून बांधा आणि इंजिनाच्या वायरीपासून दूर ठेवा.

काही जण ट्रान्सड्यूसर होडीच्या आतून तळाला चिकटवा म्हणतात. सलग भरीव फायबर असेल तर ते चालतं. आत लाकूड किंवा फोम असेल, तर आवाज तिथेच मरतो. आधी परीक्षा घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरा, ट्रान्सड्यूसर त्यात बुडवा, पिशवी होडीच्या तळावर ओली करून दाबून धरा आणि खोली वाचा. मग तोच ट्रान्सड्यूसर होडीबाहेर पाण्यात धरून पुन्हा वाचा. दोन्ही आकडे जुळले आणि तळाची रेघ तितकीच ठळक आली, तरच इपॉक्सीने चिकटवा, मध्ये हवेचा एकही बुडबुडा नको. सिलिकॉन वापरू नका, ते आवाज खातं. डाउन स्कॅन आणि साइड स्कॅनसाठी मात्र ट्रान्सड्यूसर बाहेर पाण्यातच हवा.

साइड स्कॅन वाईट नाही. उथळ, पसरट धरणात दोन्ही बाजूंची खोडं आणि विहिरी ते सुरेख दाखवतं. पण त्यासाठी होडी सरळ रेषेत सावकाश चालवावी लागते, पडदा मोठा लागतो, बॅटरी मोठी लागते. जाळं लावताना हे जमत नाही. सोसायटीने पुढे सगळ्या भागाचा एकत्र नकाशा करायचं ठरवलं तर एक मशीन तसं घ्यावं, चौघांच्या पहिल्या होडीला नको.

बॅटरी वेगळीच घ्या. इंजिन सुरू करायच्या बॅटरीला मशीन जोडलं, तर स्टार्टर फिरताच ते बंद पडून पुन्हा चालू होतं आणि पडद्यावर इंजिनाचे ठिपके येतात. दोरीने सुरू होणाऱ्या छोट्या इंजिनाला तर बहुधा चार्जिंगच नसतं. पाच इंची मशीन साधारण एक अँपिअर किंवा त्याहून कमी ओढतं. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणून ती तीन-चार तासच धरा. १२ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अख्खा दिवस काढते आणि वजनाला हलकी, रोज घरी न्यायला बरी. पुस्तिकेत लिहिलेल्या आकड्याचा फ्यूज बॅटरीजवळच लावा.

पडद्याचं दुकानात कळत नाही, मशीन बाहेर उन्हात नेऊन बघायला मागा. आपल्याकडच्या ४२ अंशांत काळा पडदा तापून काळवंडतो, म्हणून होडीत नुसता ठेवलेला असताना त्यावर ओलं फडकं टाकावं. टच स्क्रीनपेक्षा बटणांचं मशीन घ्या. माशाच्या चिकट, ओल्या हाताला टच ओळखत नाही. आयपीएक्स ७ लिहिलेलं असावं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी टिकतं.

नावंच हवी असतील तर गार्मिन स्ट्रायकर व्हिव्हिड पाच इंची, लॉरन्स हूक रिव्हील पाच इंची किंवा हमिनबर्ड हेलिक्स पाच, यांतलं जे भारतातल्या बिलावर आणि भारतातल्या वॉरंटीवर मिळेल ते. मॉडेलच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की जीपीएस किंवा नकाशाची सोय गायब असते, म्हणून खोक्यावर वाचून घ्या. परदेशातून कुणी आणून दिलेलं स्वस्त पडतं, पण ट्रान्सड्यूसर बिघडला तर बदलून कोण देणार, हे आधी विचारा. ट्रान्सड्यूसर सोबतच येतो ना, हेही बघा. काही खोकी त्याच्याशिवाय विकली जातात.

आणि हे सगळं घेण्याआधी एक फेरी वनविभागात मारा. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तुमच्या भागात इंजिनाची होडी कुठपर्यंत आणि कोणत्या महिन्यांत चालते, ते लेखी घ्या आणि ती हद्द मशीनमध्ये खुणा करून भरून ठेवा.